चौथं बटण

पितळी बटण स्वच्छ करायचा पहिला नियम म्हणजे ते स्वच्छ करायचं नाही. हे वाक्य मी तेव्हा इतक्या वेळा ऐकवायचो, की मी सुरू झालो की भावना उठून स्वयंपाकघरात जायची. साठ-सत्तर वर्षं जमिनीत पडलेल्या बटणावर जो हिरवट-तपकिरी थर चढतो तो मळ नसतो, ती त्याची कातडी असते. पॉलिश लावून ती खरवडली की बटण चकाकतं खरं, पण त्यावरच्या बारीक रेघा जातात, आणि मग ते कुठल्या पलटणीचं, कुठल्या सालातलं, हे कुणाच्या बापालाही सांगता येत नाही.

मी तेव्हा आखातात होतो, सलमाबादच्या एका वर्कशॉपमध्ये प्लेटिंगच्या टाक्या सांभाळायचो. निकेल, क्रोम, कधी जस्त. लोकांनी गंजलेलं आणायचं आणि मी चकाकतं करून द्यायचं. आठवडाभर हेच केल्यावर सुट्टीच्या दिवशी नेमकं उलटं करण्यात मला फार मजा वाटायची.

यंत्र ताहिरचं होतं. ताहिर बाणकोटचा, एका शिपिंग कंपनीत क्लार्क, झिंजमध्ये आमच्याच बिल्डिंगच्या खालच्या मजल्यावर राहणारा. त्याचा इंग्रज साहेब कायमचा मायदेशी निघाला तेव्हा त्याने घरातलं सामान विकायला काढलं, त्यात हा मेटल डिटेक्टर होता. यंत्र त्याचं आणि पुस्तकी ज्ञान माझं, अशी आमची भागीदारी. शुक्रवारी सकाळी ऊन तापायच्या आत निघायचं आणि दुपारच्या नमाजाआधी परतायचं. बहुतेक वेळा पेप्सीची बुचं आणि खिळे मिळायचे. ताहिर तेवढ्यावर खूश असायचा. मी नसायचो.

शहाण्णवच्या मार्चमध्ये आम्ही हमद टाउनच्या शेवटच्या राउंडअबाउटपलीकडे गेलो होतो. तिथे नव्या घरांसाठी जमीन सपाट करणं चाललं होतं. जुन्या थडग्यांच्या टेकाडांना हात लावायला बंदी आहे आणि ती योग्यच आहे. आम्ही त्यांच्यापासून चांगले लांब होतो. ग्रेडरने नुकत्याच खरवडलेल्या पट्ट्यात यंत्र वाजलं. मी खुरप्याने वाळू बाजूला केली. वीतभर खाली पहिलं बटण. त्याच्या पुढे दुसरं. मग तिसरं, मग चौथं. चारही एका सरळ रेषेत, सारख्या अंतरावर, तोंडं वर आणि मागच्या कड्या खाली. इतकं टापटीप काम जमिनीत आपोआप होत नाही. मी हरखून ताहिरकडे पाहिलं. तो मागे सरकला होता.

“उज्ज्वल, मना ह्ये बरा नाय वाटत,” तो म्हणाला. “एका लायनीत हायत.”

“कोट असेल. कापड कुजलं, बटणं राहिली.”

“मग कोटातला मानूस?”

“हाडं कुठे दिसतायत तुला? कुणीतरी टाकून दिलेला नुसता कोट असेल.”

“तेच सांगतंय. कोट हाय, मानूस नाय. ऱ्हाव दे तकडंच.”

मी हसलो. संध्याकाळी घरात कुणाला नखं कापू न देणारा माणूस तो. मी सवयीप्रमाणे पट्टीने अंतरं मोजली, आणि बटणांना खालून वर असे नंबर दिले. चौथं म्हणजे गळ्याशी येणारं. ते उचलताना त्याची कड माझ्या अंगठ्यात घुसली आणि रक्त आलं. इतकी वर्षं पुरलेल्या पितळेला अशी धार राहत नाही. पण त्या वेळी मी फक्त एक शिवी हासडली आणि अंगठा तोंडात घातला.

घरी तेव्हा आम्ही चौघं होतो. मी, भावना, आमची मित्रा, आणि व्हिजिट व्हिसावर आलेल्या भावनाच्या आई कुसुमबाई. मित्राचं पूर्ण नाव संघमित्रा. ती आम्हाला फार उशिरा झाली, आम्ही आशा सोडून दिल्यावर. सहा वर्षांची झाली तरी तिला नुसता ठसका लागला की मी हातातलं काम टाकून धावायचो. भावना चिडवायची, की पोरगी शिंकली तर हे अॅम्ब्युलन्स बोलावतील. चिडवू दे. जगात मला एकाच गोष्टीची भीती वाटायची आणि ती मी कधी लपवली नाही. मित्राची शाळा इंग्रजी, त्यामुळे आम्ही मराठीत विचारायचं आणि तिने इंग्रजीत उत्तर द्यायचं, अशी घरची रीत पडली होती.

बटणं मी ऑलिव्ह तेलात भिजत घातली. इथल्या मातीत मीठ फार, पितळ आतून पोखरतं, आणि तेलात तो थर सावकाश सैल होतो. घाई चालत नाही. तोवर मागच्या बाजूचा अभ्यास केला. दोन पत्रे एकमेकांवर दुमडून केलेली घडण, डाग दिलेली तारेची कडी, आणि भोवती कारखान्याच्या नावातला ‘बर्मिंगहॅम’ एवढाच शब्द. या सगळ्यावरून ती पहिल्या महायुद्धाच्या आधीची ठरत होती. पुढे मुकुट असता तर तो राणीचा की राजाचा हे पाहून आणखी जवळ जाता आलं असतं. पण मुकुट नव्हता. आकडा नव्हता, अक्षर नव्हतं. थराखाली फक्त एक उभी रेघ जाणवत होती, खाली रुंद, वर निमुळती. माझ्याजवळच्या कुठल्याच पुस्तकात असं बटण नव्हतं.

कुसुमबाईंनी मात्र एका नजरेत निकाल लावला.

“अगो बाय! ह्यो तर आपला खांब!”

खांब म्हणजे भीमा-कोरेगावचा विजयस्तंभ. कुसुमबाईंचं माहेर दापोलीचं, तिथे पेन्शनीत निघालेल्या शिपायांची घरं कितीतरी. त्यांचा आजा पलटणीत होता आणि पुढे सरकारने आपल्या लोकांची भरतीच बंद केली, हे त्या ओळख झाल्यावर पहिल्या पाच मिनिटांत कुणालाही सांगतात.

“आई, आपल्या रेजिमेंटच्या बॅजवर खांब आला तो एक्केचाळीसनंतर,” मी म्हणालो. “ही बटणं त्याच्या कितीतरी आधीची आहेत.”

“तुमी सालं मोजा, जावईबापू. मी खांब बगितला की वळखते.”

खरं सांगायचं तर मलाही मोह पडला. बुद्ध पौर्णिमेला आमच्या मंडळातले ज्येष्ठ, केशवराव, यांच्या घरी वंदना असायची. तिथे सगळ्यांसमोर ही बटणं ठेवायची आणि म्हणायचं, बघा, आपली माणसं इथवर येऊन गेली होती, पुस्तकं काहीही म्हणोत. नुसत्या कल्पनेनेच माझी छाती फुगली. नियम बाजूला राहिला. मी वर्कशॉपमधून डिस्टिल्ड वॉटर आणलं, खायचा सोडा कालवला आणि लाकडी टूथपिकने पहिलं बटण, सगळ्यात खालचं, उघडं करायला घेतलं. दोन संध्याकाळी लागल्या. थर सुटला तसं पितळ वर आलं, आणि ते मंद नव्हतं. कालच कुणीतरी घासून ठेवल्यासारखं लख्ख होतं. ही गोष्ट मला आवडली नाही. रेघ मात्र अजून नीट दिसत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी भावनाने मित्राचा युनिफॉर्म माझ्यासमोर धरला. निळा फ्रॉक, मागे चेन, पुढे सगळं सपाट. त्या सपाट कापडात, पोटाच्या जागी, एक काज होतं. फाटलेलं नाही, कापलेलं. कडेने खाकी दोऱ्याने काठोकाठ शिवलेलं, एका टोकाला गोल डोळा ठेवलेलं.

“हे लॉन्ड्रीवाल्याचं काम,” मी म्हणालो.

“लॉन्ड्रीवाला काजं करून देतो? फुकट?”

मी तरीही खाली जाऊन त्याच्याशी भांडलो. त्या बिचाऱ्याने आईची शपथ घेतली. भावनाने काज शिवून बंद केलं आणि मित्राला शाळेत पाठवलं. संध्याकाळी ते पुन्हा उघडं होतं, आणि मित्रा पोटावर हात दाबून बसली होती.

“पप्पा, इट्स टाइट हिअर.”

मी फ्रॉकमध्ये हात घातला. माझी अख्खी मूठ आत फिरत होती. घट्ट होण्यासारखं तिथे काहीच नव्हतं.

दुसरं बटण मी पुढच्या आठवड्यात साफ केलं. यावेळी काज एकाच फ्रॉकला पडलं नाही. कपाटातल्या प्रत्येक फ्रॉकला पडलं, झबल्यासारख्या जुन्या बनियनलाही, पहिल्या काजाच्या बरोबर वर. भावना घरीच शिवते, तिची नजर माझ्यापेक्षा तयार. तिने एक फ्रॉक जेवणाच्या टेबलावर पसरला, शेजारी माझं बटण ठेवलं आणि दिवा खाली ओढला.

“अहो, हा खांब नाही,” ती म्हणाली. “बुंधा रुंद दिसतोय ना, तो डोळा आहे. कडी बसायला ठेवतात तो. आणि कडेने हे टाके बघा. हे कोटाचं काज आहे.”

मी भिंग लावलं. बटणावर काज कोरलेलं होतं. प्रत्येक टाका वेगळा दिसत होता. बटणावर सिंह असतो, मुकुट असतो, तोफ असते, खांबसुद्धा असू शकतो. काज असणारी पलटण जगात कुठेही नाही. फ्रॉकवरचं काज आणि बटणावरचं काज यांत आकाराखेरीज काही फरक नव्हता, एक टाका जरा तिरका गेला होता तोही दोन्हीकडे तिरकाच होता.

“फेकून द्या ती,” भावना म्हणाली.

“मूर्खासारखं बोलू नकोस.”

“मूर्ख तर मूर्ख. माझ्या पोरीच्या कपड्यांना कोण हात लावतंय ते सांगा आधी.”

कोण, हा शब्द माझ्या डोक्यात गेला. मी माणूस टाक्यांचा, अॅसिडचा, व्होल्टेजचा. माझ्या घरात ‘कोण’ वगैरे चालणार नव्हतं. त्या रागात मी तिच्यादेखत तिसरं बटण काढलं आणि तिथेच, जेवणाच्या टेबलावर बसून साफ केलं. काम झपाट्याने झालं. थर स्वतःहून सुटून येत होता, जसा काही वाटच बघत होता. पुसून झाल्यावर मी ते टेबलावर आपटलं. “बघ. झालं काही?” काहीच झालं नव्हतं. मित्रा टीव्ही बघत होती, कुसुमबाई लसूण सोलत होत्या. भावना मला पाठ करून उठून गेली.

सकाळी मित्रा कपाटासमोर उभी होती. पेटीकोटवर, अनवाणी, हात मांड्यांना चिकटवलेले, हनुवटी वर. हाक मारली तरी वळली नाही. जवळ गेलो तेव्हा तिच्या छातीतून बारीक शिट्टी ऐकू आली. पेटीकोटवर तीन काजं होती, पोटापासून छातीपर्यंत. तिसऱ्याचा दोरा खाकी नव्हता, काळा होता. भिंगाखाली तो दोरा नव्हताच. भावनाने मित्राची वेणी उलगडून पाहिली. मानेजवळची एक बट मुळापासून नाहीशी झाली होती.

“मित्रा, कुणी केलं गं हे?” भावनाने विचारलं.

“ही इज डूइंग मी अप,” मित्रा म्हणाली, म्हणजे कुणी तो तिची बटणं लावत होता. ती हनुवटी खाली घेत नव्हती. “ही सेज स्टँड स्टिल.”

“कोण?”

“ही डझन्ट लाइक मी, मम्मी.”

क्लिनिकच्या डॉक्टरने धुळीची अॅलर्जी सांगितली, इनहेलर लिहून दिला. धुळीचे दिवस होतेच, मी त्याला दोष देत नाही. इनहेलरने शिट्टी थांबली, पण छातीवरचं ओझं हटलं नाही. मित्रा पाय दुमडून बसेना. झोपली तरी पाठीवर, सरळ. वाकली की तिला आतून कुणीतरी आवळल्यासारखं व्हायचं आणि डोळ्यांत पाणी यायचं.

त्या दिवशी मी वर्कशॉपला गेलो नाही. पट्टी काढली आणि पेटीकोटवरच्या काजांमधलं अंतर मोजलं. हमद टाउनच्या वाळूत मोजलेलं अंतर आणि हे अंतर एकच होतं. हे मला आधीच सुचायला हवं होतं, अंतर फार कमी होतं. त्या मापाने चार बटणं लावून कोट शिवला तर तो जेमतेम एका लहान मुलाला होईल. एवढ्या लहान अंगाचा शिपाई कुठल्याच पलटणीत नसतो. कुणीतरी पलटणीची बटणं घेतली होती आणि मुलाच्या मापाचा कोट बेतला होता. आत घालायला मूल मात्र त्याच्याकडे नव्हतं.

मी पट्टी ठेवून दिली आणि ताहिरकडे गेलो.

त्याने सगळं ऐकून घेतलं. ‘मी सांगलेला’ असं एकदाही म्हणाला नाही, त्याबद्दल मी त्याचा जन्मभर ऋणी आहे.

“होती तकडं नेऊन ठेव,” तो एवढंच म्हणाला. “आनि चौथ्याला हात नको लावूस. तो गळ्याचा हाय.”

शुक्रवारी बुद्ध पौर्णिमा होती. आम्ही सकाळीच निघालो. भावनाला सगळं माहीत होतं. कुसुमबाईंना आम्ही दोघांनी ठरवून काही सांगितलं नव्हतं, म्हातारं माणूस, परक्या मुलखात घाबरून जाईल. मित्राला अॅलर्जी झालीय, एवढंच त्यांना ठाऊक. मी निघालो तेव्हा त्या स्वयंपाकघरात वर्तमानपत्र अंथरून बुद्धाची पितळी मूर्ती घासायच्या तयारीत होत्या. गावाहून आणलेली आमसुलं पाण्यात भिजत होती. कोकणातल्या बायकांना पितळेसाठी दुसरं काही लागत नाही. चारही बटणं मी आदल्या दिवशीच कापसात वेगवेगळी गुंडाळून बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवली होती. डबा शेल्फवरून उचलला आणि बाहेर पडलो.

जागा सापडेल की नाही याची मला धास्ती होती. मधल्या काळात ग्रेडर कितीदा तरी फिरला होता, वारा तर रोजचाच. पण गाडीतून उतरल्याबरोबर ताहिरने बोट दाखवलं.

सपाट वाळूत चार भोकं होती.

भोकं म्हणजे चिरा. अरुंद, आडव्या, प्रत्येकीच्या एका टोकाला गोल डोळा. कोरड्या वाळूत भोक टिकत नाही, कडा कोसळतात, हे समुद्रावर खेळलेल्या पोरालाही कळतं. या कडा उभ्या होत्या. वारा वाहत होता आणि वाळूचा कण आत पडत नव्हता.

“यल्ला,” ताहिर पुटपुटला. “ठेव आनि चल.”

मी गुडघ्यांवर बसलो. पहिलं बटण खालच्या चिरेत सोडलं. ते हातातून ओढून घेतल्यासारखं गेलं आणि चीर मिटली. दुसरं. तिसरं. छातीवरचं ओझं माझ्याच अंगावरून उतरतंय असं मला वाटलं. मी चौथी पुडी उलगडली.

कापूस रिकामा होता.

चौथी चीर उघडी होती. मी तिच्याकडे बघत राहिलो. ताहिरने मला दंडाला धरून उठवलं.

हमद टाउनमधल्या पहिल्याच कोल्ड स्टोअरवर, म्हणजे कोपऱ्यावरच्या वाण्याच्या दुकानात, फोन होता. मी दुकानदाराला न विचारता तो ओढून घेतला.

कुसुमबाईंनी उचलला. आवाजात आनंद मावत नव्हता.

“जावईबापू, तुमची एक गुंडी काल मी काढून घेतली हां. राग नका मानू. ती तेवडी घासायची ऱ्हायली हुती. आमसुलाचं पानी हायेच, म्हनलं हिलाबी एक हात मारावा. संध्याकाळी केशवरावांकडं दावू.”

“आई, घासू नका. आहे तशी खाली ठेवा.”

“झाली की घासून. आरशावानी झालीय.”

“मित्रा कुठाय?”

“ही काय, म्होरंच हुबी हाय. भावना न्हातीय. लई शानी झालीय पोर. एकदम ताठ, हालत न्हाय की बोलत न्हाय.”

“आई, ती श्वास घेतेय का बघा.”

पलीकडे पितळ फरशीवर पडल्याचा आवाज आला. आणि मग कुसुमबाईंची किंकाळी.

आम्ही पोचलो तेव्हा भावना ओल्या केसांनी, मित्राला कवटाळून जिन्यातच बसली होती. मित्राचे ओठ निळे पडले होते. डोळे उघडे. हनुवटी वर. ताहिरने गाडी बंदच केली नव्हती.

हॉस्पिटलच्या वाटेवर, एका सिग्नलला, मित्राने श्वास घेतला. खोल, मोकळा, एखाद्या निरोगी माणसाचा. मग दुसरा. ओठांना रंग आला. भावना रडायला लागली. मीही रडलो, मला त्याची लाज नाही.

कॅज्युअल्टीतला डॉक्टर आपल्याकडचाच होता. त्याने छाती तपासली, घसा पाहिला. सगळं ठीक होतं.

“कुछ निगला तो नहीं?” त्याने विचारलं.

कुसुमबाई पदरात तोंड खुपसून म्हणाल्या, की हातातून पडलेली गुंडी त्यांना घरात सापडलीच नाही. सगळ्या खोलीत शोधली. डॉक्टरने मान डोलावली. पोरं नाणी गिळतात, बटणं गिळतात, रोजचंच आहे. समोरून एक आणि बाजूने एक, असे दोन एक्स-रे काढायला त्याने सांगितलं.

मित्राचे सगळे कपडे भावनाने स्वतःच्या हातांनी उतरवले. अंगात हॉस्पिटलचा पातळ झगा घातला, पाठीवर नाडीने बांधायचा.

डॉक्टर फिल्म घेऊन बाहेर आला तेव्हा चिडलेला होता.

“कपड़े निकालने को बोला था ना? कोट पहना के क्यों भेजा?”

“कोट?” भावना म्हणाली.

त्याने पहिली फिल्म उजेडावर धरली. चार गोल, पांढरे, एका सरळ रेषेत. खालचा पोटावर, वरचा गळ्याच्या खळग्यात. ताहिर माझ्या मागे उभा होता.

“तीन तर आपन पुरलेली,” तो अगदी हळू म्हणाला. “मी बगितलंय.”

डॉक्टरने मित्राकडे पाहिलं. ती बाकावर शांत बसली होती, पाठ सरळ ठेवून. आता तिला कुठेच घट्ट होत नव्हतं. झग्याला पुढे एकही बटण नव्हतं.

मग त्याने दुसरी फिल्म, बाजूने काढलेली, उजेडावर धरली. बटणं कातडीच्या वर होती. कड्या आत होत्या.